बुडख्यावरचा भंडारा

तरसवाडीत मायाक्काच्या तोंडातून सुटलेला माणूस नव्हता. सरपंचाला ती "शिक्क्याचा बैल" म्हणायची, ग्रामसेवकाला "आठवड्याचा पाहुणा". अंगणवाडीच्या बाईची लिपस्टिक तिला सहन व्हायची नाही, आणि सांगोल्याहून दिवसातून दोनदा येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर तर तिला बघून गाडी पुढच्या फाट्यावर नेऊन थांबवायचा. नवरा सिद्धाप्पा चाळीस वर्षं शेजारी बसून तिचं बोलणं ऐकत आला होता. तो तंबाखू मळायचा आणि गप राहायचा. त्यालाही ती सोडायची नाही. "ह्यो मानूस न्हाय, मेंढरामागं ठेवलेलं दगाड हाय," असं चारचौघांत सांगायची, आणि सिद्धाप्पा मान हलवून होकार द्यायचा.

बाईचं तोंड फाटकं होतं, पण अंगात कसब होतं. माळशिरसच्या माहेराहून लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची. दुसऱ्याच वर्षी मेंढरांमागं चालत पार कृष्णाकाठापर्यंत गेली. थोरला पोरगा वाटेवरच झाला, उसाच्या फडाच्या कडेला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला झोळीत घालून ती पुन्हा चालायला लागली. कुठल्या शेतात मेंढरं बसवायची, कोकरू अडलं तर कसं फिरवायचं, लंगड्या बकऱ्याच्या खुरातला काटा कुठल्या बाजूनं काढायचा, हे तिला डोळे झाकून कळायचं. तो वाटेवर झालेला पोरगा आता पुण्यात कुणाच्या तरी बंगल्यावर गाडी चालवत होता. मायाक्का म्हणायची, "आमी सव्वाशे जितराबं हाकली, ह्यो एक गाडी हाकतूय आन दमतूय."

आणि तिचा एक मान होता. दिवाळीच्या पाडव्याला बिरोबाची जत्रा भरते. त्या दिवशी भंडाऱ्याचं ताट तिच्या घरातून निघायचं. हळदीनं शिगोशिग भरलेलं पितळी ताट डोक्यावर घेऊन ती पुढं, मागं ढोल, आणि सगळी वाडी तिच्या हातून कपाळाला भंडारा लावून घ्यायला वाकायची. वर्षभर ज्यांना तिनं शिव्या घातल्या ती माणसंसुद्धा वाकायची. त्या एका दिवसावर मायाक्का उरलेले तीनशे चौसष्ट दिवस जगायची म्हणा ना.

देवळाच्या मागं चाळीस एकराचा माळ होता. गायरान. तिच्या सासऱ्याच्या काळात तिथं गुडघाभर पवन्या गवत उभं राहायचं, असं सिद्धाप्पा सांगायचा, म्हणजे चार वर्षांतून एकदा बोलायचा तेव्हा. मग म्हणे मोठ्या दुष्काळानंतर कुण्या सरकारी शहाण्यानं वेड्या बाभळीचं बी आणून फेकलं. माळ हिरवा दिसला पाहिजे ना! झाला की हिरवा. असा हिरवा झाला की त्यात मेंढरू शिरलं तर बाहेर येताना अर्धी लोकर काट्यांना ठेवून यायचं. खाली गवताची काडी नाही. शेंगा तेवढ्या गोड. त्या मेंढरं खायची, लेंडीतून बी सगळ्या माळभर पेरायची, आणि एक माळ कमी पडला म्हणून शेजारच्या वाडीच्या माळावरही पेरून यायची.

पंचायतीनं ती बाभूळ तोडली नव्हती असं नाही. दर दोन वर्षांनी तोडायची. कोळसेवाला यायचा, लाकूड न्यायचा, सरपंच फोटो काढून घ्यायचा. पुढच्या पावसाला एकेका बुडख्यातून दहा-दहा, बारा-बारा फोक वर यायचे. एकाची बारा झाडं! "एक रावन मारत्यात आन दहा तोंडं करून ठेवत्यात," मायाक्का म्हणायची. कोळसेवाल्याला त्याचं काय? त्याला तर तेच हवं होतं.

आता सरपंच होता बिरुदेव, सिद्धाप्पाचा चुलत भाऊ, म्हणजे मायाक्काचा दीर. भावकीतला. त्यानं डोकं लढवलं. माळावर नुसते काटेच येतात ना, मग सोलरवाल्यांना देऊन टाकू तीस वर्षांसाठी. काचेच्या पाट्या लागतील, तारेचं कुंपण पडेल, वाडीचं नाव होईल. मेंढरांचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "आता कोन राखतंय मेंढरं?" सव्वाशे मेंढरं राखणारी त्याची वहिनी समोर बसलेली असायची. माळ गेला की त्या मेंढरांना दुसऱ्या दिवशी बाजार दाखवावा लागणार होता, हे त्यालाही कळत होतं. कळून न कळल्यासारखं करायला त्याला फार जमायचं.

अशात एक दिवस सोलापूरच्या कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका माळावर आली. निवेदिता तिचं नाव. डोक्याला टोपी, पायात बूट, गळ्यात भिंग. दुपारभर उन्हात हिंडली आणि मायाक्काच्या मेंढवाड्याशेजारी एका मेलेल्या बुडख्यापाशी गुडघे टेकून बसली. त्या बुडख्याला चार वर्षं फोक आलेला नव्हता. त्याच्या सालीवर तपकिरी-पांढऱ्या कानांसारखी बुरशी उगवलेली होती.

"त्यात काय बगतीस? कुत्र्याची छत्री हाय ती," मायाक्का म्हणाली.

"आजी, या बुडख्याला फोक का येत नाही, माहितीय?"

"आजी कुनाला म्हंतीस गं? तुज्या आईच्या वयाची बी नसंन मी."

ती होती. पण ते असो. निवेदितानं शांतपणे सांगितलं की ही बुरशी बुडख्याच्या आत शिरते, लाकूड कुजवते, आणि मग आतून कोंब फुटायला जीवच राहत नाही. ओल्या ताज्या कापावर ही लावली तर बाभूळ पुन्हा उठणार नाही, असं तिला वाटत होतं. बुरशी बाहेरून आणायची नाही, ह्याच माळावरची ह्याच माळाला लावायची. मायाक्का हसली ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण सिद्धाप्पा मात्र त्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत उभा राहिला. तो उभा राहिला याचंच लोकांना इतकं नवल वाटलं की त्याचं म्हणणं मान्य होऊन गेलं. माळाचा दहा एकराचा तुकडा मॅडमला द्यायचा. पावसाळ्यात तोडायचा, बुरशी लावायची. सव्वीस जानेवारीच्या सभेपर्यंत बुडखे फुटले नाहीत तर माळ गायरानच राहील. फुटले तर सोलरवाल्यांना. बिरुदेव बेरकी हसत म्हणाला, "चालंल की."

आषाढात तोड झाली. निवेदिता सोलापूरहून पोती घेऊन आली. उकडलेल्या ज्वारीवर तिनं बुरशी वाढवली होती, दाण्यादाण्यावर पांढरी लव आलेली. ती ओली करून काला करायचा आणि कापल्यापासून तासाभरात बुडख्याला फासायचा, वर ओलं गोणपाट घालायचं. मायाक्कानं पोत्यात हात घातला आणि नाक मुरडलं. "अरं देवा! मालदांडी ज्वारी! मानसाला भाकरीला पुरंना, आन ही बया बुरशीला जेवान घालतीया!" तरी तिनं फासलं. दिवसभर वाकून, तोंड चालवत, सगळ्यांपेक्षा जास्त बुडखे तिनंच फासले. सहाशेच्या वर भरले. चारशे ओढ्याच्या अलीकडे, बाकीचे पलीकडच्या उतारावर.

आता बघा माणसाचं मन कसं असतं. दिवसा ती निवेदिताची टिंगल करायची. "शाळंतल्या पोरीनं सांगावं आन आमी कुजकं फासावं," असं पारावर बसून सांगायची, बायका हसायच्या. आणि आतून? आतून तिचं काळीज त्या बुडख्यांना बांधलेलं होतं. माळ गेला तर मेंढरं गेली, मेंढरं गेली तर ती कोण राहणार होती? नुसती एक तोंडाळ म्हातारी. हे तिला कुणाला सांगता येत नव्हतं. ज्याची उभ्या वाडीत चेष्टा केली त्याच्याच यशासाठी हात जोडायचे कसे?

म्हणून तिनं चोरून जोडले. पहाटे मेंढरं सोडायच्या आधी कनवटीला भंडाऱ्याची पुडी खोचून ती माळावर जायची, गोणपाट उचलायची आणि एकेका बुडख्याच्या ओल्या कापावर चिमूटभर भंडारा सोडायची. "बिरोबा, ह्या पोरीच्या कुजक्याला बळ दे. मेंढरांकडं बग." आठ दिवसांत चारशे बुडखे झाले. ओढ्यापलीकडं जायचं होतं, पण गुडघा सुजला, ओढ्याला पाणी आलं. ती म्हणाली, देवाला काय, अलीकडून पलीकडं दिसतंच.

नवरात्रात फोक आले. ओढ्याच्या अलीकडे, चारशेतल्या साडेतीनशे बुडख्यांना, लालसर कोवळे, टवटवीत. मायाक्कानं पहिला बघितला आणि हातातली काठी त्याच्यावर हाणली. दुसरा बघितला, तिसरा बघितला, मग हाणायचं सोडून दिलं. पलीकडे मात्र एकही नव्हता. बिरुदेव येऊन बघून गेला. म्हणाला, "पल्याडचं खडकाळ हाय. तितं तसं बी काय येतंय?"

निवेदिता आली, सालीचे तुकडे पिशवीत घालून घेऊन गेली. पंधरा दिवस काही निरोप नाही. मग मायाक्का स्वतःच सकाळच्या एसटीत बसली आणि सोलापूरला गेली. स्टँडवर चार जणांना कॉलेज विचारलं, चौघांनाही त्यांच्या सांगण्याच्या पद्धतीवरून बोलली, आणि दुपारी प्रयोगशाळेच्या दारात घोंगडी झटकत उभी राहिली.

"काय गं बाय, तुज्या बुरशीनं आमचं वाटोळं केलं की!"

निवेदितानं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि दोन काचेच्या बशा समोर ठेवल्या. एका बशीत बुरशी काठापर्यंत पांढरीशुभ्र पसरली होती. दुसरीच्या मध्यावर पिवळी चिमूट होती, आणि तिच्या भोवतीनं बोटभर जागा कोरी, स्वच्छ. तिथं बुरशी गेलीच नव्हती.

"फुटलेल्या प्रत्येक बुडख्यावर मला हळद सापडली, मायाक्का. पलीकडच्या एकावरही नाही. आपण लोणच्यात हळद कशाला घालतो?"

मायाक्कानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बुरशी येऊ नये म्हणून," निवेदिताच म्हणाली. "कुणी टाकली असेल?"

मायाक्कानं बोटानं बशी दूर सारली. मग म्हणाली, "वाऱ्यानं आला आसंल. देवाचं ठानं जवळ हाय न्हवं."

"चारशे बुडख्यांवर? गोणपाटाखाली?"

"मला काय म्हाईत! मी काय राखन बसतीया का तितं?"

निवेदितानं जास्त ताणलं नाही. एवढंच म्हणाली की कुणी टाकली हे कळलं तर सभेत सांगता येईल की औषध फसलेलं नाही. नाही कळलं तर प्रयोग फसला असंच लिहावं लागेल, दुसरा इलाज नाही.

परतीच्या एसटीत मायाक्का खिडकीशी बसली आणि स्वतःला शिव्या घालू लागली. मनात नाही, मोठ्यानं. शेजारचा माणूस उठून मागं गेला. आयुष्यभर वाडीतल्या माणसांची अक्कल काढली आणि साधं लोणचं घालायची अक्कल आपल्याला राहिली नाही! दर उन्हाळ्यात बरणीत हळद कोण घालतंय? तीच घालते. बिरुदेव माळ विकायला निघाला होता, पण माळ मारला कुणी? तिनं. कृष्णाकाठापर्यंत चालून आलेल्या ह्या दोन पायांनी जाऊन, ह्या हातांनी. आणि सांगायचं कसं? बिरोबाच्या भंडाऱ्यानं वाईट केलं, असं धनगराच्या बाईनं भर सभेत म्हणायचं? जीभ झडेल.

पाडव्याला तिनं ताट घेतलं. माणसं वाकली, तिनं कपाळं पिवळी केली, आणि दर कपाळाला तिला काचेची बशी दिसली. घरी आल्यावर ती जेवली नाही. सिद्धाप्पानं विचारलं, "काय झालं?" तर त्यालाच ओरडली.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला आणि सभा भरली. बिरुदेवनं खुर्चीवरून खाली बघत सुरुवात केली. "तर मॅडम, तुमची बुरशी नापास झाली. ज्वारी खाल्ली आन झोपली." लोक हसले. निवेदिता उभी राहिली. कागद हातात होता, पण तिनं तो वाचला नाही. प्रयोग फसला, कारण सांगता येत नाही, वाडीचं वर्ष गेलं याबद्दल माफी मागते, एवढंच बोलली. पुन्हा हसणं. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, भूछत्रीची भाजी करा आता." निवेदिताचे कान लाल झाले. ती खाली बसली. भंडारा कुणी टाकला ते पोरीला माहीत होतं, हे मायाक्काला कळलं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं हिला, आणि तरी नाव घेतलं नाही पोरीनं.

"सोलरच्या बाजूनं हात वर करा," बिरुदेव म्हणाला.

"थांब," मायाक्का म्हणाली. "बुरशी फसल्याली न्हाय. मी मारली तिला."

सगळी सभा वळली.

"चारशे बुडख्यांवर भंडारा मी टाकला. देवानं यश द्यावं म्हनून टाकला. हळदीनं बुरशी मरती, ते मला कळलं न्हाय. पल्याड माजा गुडगा पोचला न्हाय, म्हनून तितली बाभळ मेली. ती मॅडम खरी हाय. मीच येडी."

एकदम सगळेच बोलायला लागले. भंडाऱ्याला नाव ठेवते! ताटाचा मान असलेली बाई! बिरुदेवनं हात वर करून सगळ्यांना गप केलं. तो आता खूष होता. वहिनी स्वतःच्या पायानं सापळ्यात आली होती.

"वैनी, म्हंजी बिरोबाच्या भंडाऱ्यानं वाटोळं झालं म्हंतीस? मॅडमला वाचवायला खोटं बोलतीस. खरं आसंल तर उचल बेलभंडारा. हितंच, समद्यांसमोर."

बेलभंडारा उचलून केलेलं बोलणं खोटं निघालं तर घर बसतं, हे तरसवाडीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि भंडारा हातात घेऊन भंडाऱ्याविरुद्ध शपथ घ्यायची, असं आजवर कुणी केलेलं नव्हतं. सिद्धाप्पा पहिल्यांदाच तिच्या पदराला हात लावून म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं."

"तू गप. तंबाखू मळ," मायाक्का म्हणाली. "आना ताट."

देवळातून बेलभंडाऱ्याचं ताट आलं. तिनं उजव्या हातात बेल घेतला, वर मूठभर भंडारा घेतला. भंडारा बोटांतून साडीवर सांडत होता. "बिरोबाची आन. हाच भंडारा मी माज्या हातानं चारशे बुडख्यांवर टाकला, आन त्यानंच बुरशी मेली. खोटं आसंल तर माज्या घरावर ये. देवाचा दोष न्हाय. देवाला मी नको तितं बोलीवलं."

आता बिरुदेव बोलणार काय? बेलभंडाऱ्यापुढं वाद संपतो, मग तो सरपंचाचा का असेना. त्यानंच मागितला होता. खुर्चीतल्या खुर्चीत तो दोनदा हलला आणि म्हणाला, बरं, अजून एक पावसाळा बघू. हात वर झाले. आधी बायकांचे झाले, कारण लोणचं सगळ्याच घालत होत्या.

पण वाडी फुकट काही देत नाही. दुसऱ्याच आठवड्यात भावकीची बैठक बसली आणि ठरलं की ज्या हातानं भंडाऱ्याविरुद्ध शपथ घेतली त्या हातात ताट शोभत नाही. मान बिरुदेवच्या घरी गेला, त्याच्या बायकोकडं, काशम्माकडं. मायाक्कानं ते ऐकलं, ताट राखेनं घासलं, लखलखीत केलं आणि स्वतः नेऊन काशम्माच्या ओसरीवर आपटलं. "घे. चिंच लावून घासत जा, तुज्या घरात समदं काळं पडतंय." मग घरी आली आणि मेंढवाड्यात बसून रडली. तिला रडताना सिद्धाप्पानं पाहिलं, पण पुढं कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या आषाढात फोक छाटून बुडखे पुन्हा ताजे कापले, पुन्हा ज्वारी आली. निवेदिता पंधरवड्याला यायची आणि मायाक्का तिला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलायची, "टोपी घाल गं, काळी पडलीस तर लगीन कोन करंल," वगैरे. निवेदिताचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. मायाक्कानं कुणाला हळद लावलेल्या हातानं माळावर पाऊल टाकू दिलं नाही. नवी नवरी देवदर्शनाला आली तर तिलाही ओढ्यावर हात धुवायला लावले. लोक म्हणाले, म्हातारीला भ्रम झाला.

पाडव्याची जत्रा आली. काशम्मा डोक्यावर ताट घेऊन निघाली, ढोल वाजले, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" होऊन मुठीमुठीनं भंडारा उधळला गेला. मायाक्का मिरवणुकीत नव्हती. ती देवळाच्या मागं माळाच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभी होती, आणि भंडारा उधळत त्या बाजूला येणाऱ्याला हाकलत होती. तिच्या मागं सहाशे बुडखे काळे, पोकळ झालेले होते. पंधरा-वीस चुकार फोक सोडले तर काही नाही. मधून पवन्याचे कोंब आले होते, अजून घोट्याएवढेच.

काशम्मा मुद्दाम ताट घेऊन तिच्यापर्यंत आली. आख्खी वाडी मागं उभी राहून बघत होती. काशम्मानं चिमूट उचलली आणि वाट बघत थांबली. गेल्या पाडव्यापर्यंत हिनंच मायाक्कापुढं कपाळ वाकवलं होतं. मायाक्कानं काठी बगलेत धरली, पदर डोक्यावर घेतला आणि वाकली. काशम्माच्या हातून तिनं कपाळाला भंडारा लावून घेतला.

"काय जाऊबाई," काशम्मा म्हणाली, "आता एकल्या तुजीच मेंढरं चरनार व्हय ह्या माळावर?"

मायाक्का सरळ झाली. "तुजी बी आन की," ती म्हणाली. "गवताला काय कळतंय, कुनाची हायती ती. फकस्त तू मातर हितंच थांब. हात पिवळं हायती तुजं."